आधी काय धरलंस?

जुरोंग आयलंडवर फोटो काढायला मनाई आहे. सिंगापूरच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगतचं हे बेट म्हणजे तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या कारखान्यांची वसाहत. शंभराहून जास्त कंपन्या तिथे आहेत. २००१च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेवर हल्ले झाले आणि त्यानंतर इथला बंदोबस्त कडक झाला. पास नसेल तर नाक्याच्या पुढे जाता येत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं तिथे कामाला जाणाऱ्याला आपली रोजची जागा घरच्यांना दाखवायची झाली, तर नकाशा काढूनच दाखवावी लागते.

अशाच एका नकाशावरून झालेला हा संवाद. मामा पाइपिंग डिझायनर. मुंबईत ड्रॉइंग बोर्डावर हात बसला, मग ऑटोकॅड आलं, आणि पुढची नोकरी जुरोंग आयलंडच्या प्लँटची ड्रॉइंगं करण्यात गेली. भाची सांगलीची. वडिलांच्या डीटीपीच्या दुकानात कोरलड्रॉवर लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करत वाढली, आता पुण्यात ग्राफिक डिझायनर आहे. मामाकडे आली असताना ओळखीच्या मराठी घरांतल्या मुलांसाठी तिनं भिंतीवर लावायचा नकाशा करायला घेतला: पूर्वीची सुटी बेटं आणि आजचं एक बेट. दोघांचं बोलणं मी इथे देतो आहे, कारण काँप्युटरवर चित्र काढणाऱ्याचा बहुतेक वेळ रेघ ओढण्यात जात नाही. ओढलेल्या वस्तू धरण्यात आणि मांडण्यात जातो. या कामाचंही एक शास्त्र आहे, आणि ते तोंडी शिकवण्याखेरीज आपल्याकडे फारसं कुठे येत नाही.

मामा: थांब, हलवू नकोस. आधी काय धरलंस ते सांग.

भाची: सगळी बेटं. चौकट ओढली की मी. भोवती काळे चौकोन आलेत, दिसत नाहीत का?

मामा: ते एकाला धरलं तरी येतात आणि शंभरांना धरलं तरी येतात. खाली पट्टीवर आकडा असेल बघ.

भाची: आठ ऑब्जेक्ट्स.

मामा: आणि बेटं किती?

भाची: आयर चावान, आयर मर्बाऊ, मर्लिमाऊ, पेसेक, पेसेक केचिल, साक्रा, सेराया. सात. मग डुप्लिकेट झालं असेल कुठलं तरी. कोरलमध्ये आकड्यांच्या बाजूचं प्लसचं बटण दाबलं गेलं की वस्तूची प्रत बरोब्बर तिच्यावरच बसते, दिसत नाही. थांबा, टॅब दाबत एकेक बघते… नाही हो मामा, प्रत नाही. साक्राच दोन आहेत. जुन्या नकाशात साक्राच्या शेजारी बाकाऊ म्हणून वेगळं बेट होतं, ते मी तसंच काढलं.

मामा: बरोबर काढलंस. साक्रा आणि बाकाऊमध्ये भर घालून त्यांचं एक साक्रा केलेलं होतं. सात हा आकडा त्यानंतरचा. म्हणजे चित्र चुकलेलं नाही, मोजणीही चुकलेली नाही. तू ज्याला एक बेट म्हणतेस आणि प्रोग्रॅम ज्याला एक वस्तू म्हणतो, त्यात फरक पडला.

भाची: मग दोघांचा ग्रुप करते. पट्टीवर ग्रुप एकच मोजला जातो. पण मामा, तुम्ही दरवेळी असा आकडा वाचता?

मामा: दरवेळी. ऑटोकॅडमध्ये तो समोरच येतो, इतक्या वस्तू मिळाल्या म्हणून. मूव्ह कमांड दिली, चौकट ओढली, आकडा आला. मी पाच पंप धरायला गेलो आणि सहा मिळाले, तर हात तिथेच थांबला पाहिजे. हलवून झाल्यावर शोधत बसायचं म्हणजे फार उशीर.

भाची: आमच्याकडे हलवून बघतात, आवडलं नाही तर कंट्रोल झेड.

मामा: कंट्रोल झेड तुला चूक दिसली तर. न दिसलेल्या चुकीला कोण झेड करणार?

इथे मी मामांच्या बाजूचा आहे. निवडीत दोनच प्रकारची चूक होते: हवं ते सुटतं किंवा नको ते येतं. या दोन्ही चुका पडद्यावर क्षणभर अगदी बरोबर दिसतात. आकडा मात्र डोळ्यासारखा फसत नाही.

भाची: सुटण्याचं एक उदाहरण आमच्याच दुकानातलं. पूर्वी श्रीलिपीतला मजकूर असायचा. समोरच्या प्रेसमध्ये तो फॉन्ट नसला तर अक्षरांचा चुथडा. म्हणून फाइल कर्व्ह करून द्यायची, म्हणजे अक्षर अक्षर राहत नाही, नुसता आकार होतो. एका पत्रिकेत कुणीतरी रंग भरायला तो आकार आणखी फोडला. काना वेगळा, वेलांटी वेगळी, टिंब वेगळं. मग ओळ जरा खाली घ्यायची म्हणून चौकट ओढली. चि. सौ. कां. मधलं टिंब चौकटीच्या किंचित वर राहिलं. ओळ खाली आली, टिंब जागच्या जागी, वरच्या नक्षीत मिसळून गेलेलं. छापून आल्यावर नवरीच्या आजीनं पाहिलं.

मामा: हेच, अगदी हेच. आमच्याकडे टिंबाच्या जागी चेक व्हॉल्व्ह असतो. लाइन सरकवली, तो छोटासा व्हॉल्व्ह मागे राहिला, आणि सरकवलेली लाइन अखंडच दिसते. बघणाऱ्याला काही कमी वाटतच नाही.

भाची: पण त्याला कारण कोरलची पद्धत. कोरल चौकटीत पूर्ण आलेलंच धरतं. पुण्यात मी इलस्ट्रेटर वापरते, तिथे नुसती कड लागली तरी वस्तू येते. कोरलमध्ये तसं हवं असेल तर ऑल्ट दाबून ओढायचं. दिवसा एक, रात्री बाबांसाठी दुसरं. हाताला दोन वळणं ठेवावी लागतात.

मामा: ऑटोकॅडमध्ये दोन्ही एकाच हातात आहेत. डावीकडून उजवीकडे ओढलं तर चौकट निळी, पूर्ण आतलं तेवढंच येणार. उजवीकडून डावीकडे ओढलं तर हिरवी, शिवलेलं सगळं येणार. पाइप रॅकवर याचं महत्त्व कळतं. एका प्लँटहून दुसऱ्या प्लँटला जाणारी लाइन इतकी लांब असते की निळ्या चौकटीत मावत नाही. हिरवीनं धरावी तर शेजारच्या लाइनी चिकटून येतात. मग शिफ्ट दाबून एकेक सोडवायची. सोडवत जाणं हीसुद्धा निवडच असते. आणि त्यापेक्षा बरं म्हणजे आधीच लेयर लावायचे. पाण्याच्या लाइनी एका लेयरवर, वाफेच्या दुसऱ्यावर. नको ते लेयर कुलूपबंद, मग चौकट कशीही ओढ.

भाची: इथे मात्र माझं जमत नाही तुमच्याशी. कोणती वस्तू कुणाची, हे आधीच ठरवून टाकायचं म्हणजे हात बांधून घेणं. हे ‘सेराया’ लेबल बघा. बेट सरकवताना ते बेटाबरोबर हवं. अक्षरांचा आकार बदलताना ते बाकीच्या लेबलांबरोबर हवं. रंग ठरवताना ते निळ्या सगळ्या वस्तूंबरोबर हवं. दहा मिनिटांत एकच वस्तू तीन घरची होते. मी कुठल्या घरात तिला कोंडू? त्या त्या वेळी डोळ्यानं बघून धरते, काम झालं की सोडते.

मामा: कोंडायचं कशाला? लेयर सांगतो ती वस्तू काय आहे, ग्रुप सांगतो ती कुणाबरोबर आहे. सगळी लेबलं लेबलांच्या लेयरवर. आणि प्रत्येक लेबल आपापल्या बेटाच्या ग्रुपमध्ये. दोन्ही एका वेळी.

भाची: तुमच्या ऑटोकॅडमध्ये. कोरलमध्ये वेगवेगळ्या लेयरवरच्या वस्तूंचा ग्रुप केला की सगळ्या गुमान एका लेयरवर जाऊन बसतात. ग्रुप सोडला तरी परत येत नाहीत.

मामा: असं?

भाची: असं. इलस्ट्रेटरमध्येही ग्रुप केलं की एकाच लेयरवर. म्हणून आमच्या लोकांना एक काहीतरी सोडावं लागतं. मी ग्रुप सोडते.

यावर मामा बराच वेळ बोलले नाहीत, आणि मला वाटतं वादाचं मूळ इथेच होतं. दोघंही आपल्या स्वभावाबद्दल बोलत आहेत असं समजत होते. बोलत होती त्यांची अवजारं. ज्या प्रोग्रॅममध्ये वस्तूला दोन नाती एकदम ठेवता येतात, तिथला माणूस शिस्तीचा होतो. जिथे एकच ठेवता येतं, तिथला माणूस डोळ्यावर विसंबतो. सुरुवातीला असं दुभंगलेलं नव्हतं. १९६३ साली आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीत स्केचपॅड दाखवलं, तेव्हा त्यात प्रकाशाची लेखणी पडद्यावरच्या रेघेजवळ नेली की ती रेघ धरली जाई. हा झाला डोळा आणि हात. त्याच प्रोग्रॅममध्ये दोन रेघा समांतर राहाव्यात अशी अट घालता येई, आणि मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती बदलत. हा झाला नियम. पुढे प्रोग्रॅम वेगळ्या वेगळ्या धंद्यांत गेले आणि प्रत्येकानं आपल्या कामाला लागेल तेवढं वाढवलं.

मामा: बरं, लेबलं तरी एका रेषेत घे. खाली सूची केलीस तिथे पायऱ्या झाल्यात.

भाची: मी कुठे केल्या? तुम्हीच म्हणालात, नियमानं कर. टी दाबला, सगळ्यांची वरची कड एक झाली. कोरलनं अगदी बिनचूक केलंय.

मामा: पण शिरोरेषा वरखाली दिसते.

भाची: दिसणारच. ‘साक्रा’च्या डोक्यावर काही नाही, त्याची वरची कड म्हणजे शिरोरेषा. ‘सेराया’ला मात्रा, ‘मर्लिमाऊ’ला रफार आणि वेलांटी. त्यांची वरची कड मात्रेच्या टोकाला. टोकं एका रेषेत आणली की शिरोरेषा खाली जाते. खालून धरावं तर उकार आडवा येतो, ‘जुरोंग’मध्ये बघा. कोरलला अक्षराभोवतीची पेटी दिसते. शब्द जिथून लटकतो ती रेघ त्याला दिसत नाही, ती मला दिसते.

मामा: मग डोळ्यानं लावणार?

भाची: नाही. अलाइनमध्ये मजकुरासाठी पेटीऐवजी बेसलाइन निवडता येते. फॉन्ट एक, आकार एक, तर बेसलाइन जुळली की शिरोरेषा आपोआप जुळते. पण हे निवडायचं असतं, हे कळायला आधी डोळा लागतो.

मामा: हे पटलं. रॅकवर आम्ही हेच करतो. चोवीस इंची पाइप आणि चार इंची पाइप शेजारी असले तर त्यांची केंद्रं एका उंचीवर ठेवत नाही. बूड एका उंचीवर, कारण दोघांनाही त्याच बीमवर टेकायचंय. ड्रॉइंगवर बीओपी लिहितो, बॉटम ऑफ पाइप. इन्सुलेशन असेल तर खाली शू लावून उचलायचा. नवीन पोरगा येतो, सेंटर अलाइन करतो, प्लॅनमध्ये काही कळत नाही, आणि सेक्शन काढला की अर्धे पाइप हवेत.

भाची: आणि अंतर? तुम्ही डिस्ट्रिब्यूट कसं करता? केंद्रापासून केंद्र सारखं, की मधली फट सारखी?

मामा: फट बघायची. फ्लँजची कड आणि शेजारच्या पाइपची कड यात बोटभर तरी जागा हवी, इन्सुलेशन असेल तर ते धरून. केंद्रं सारखी लावलीस तर जाड पाइपजवळ हात जाणार नाही.

भाची: बघा, म्हणजे आपलं एकमत झालं. आता या कोपऱ्यातलं चित्र बघा. मुलांना कळावं म्हणून एक नमुन्याचा प्लँट काढलाय. भट्टी, टॉवर, टाक्या, ऑफिस. डावीकडे भार फार होत होता म्हणून ऑफिस भट्टीला लागून घेतलं. आता तोल बरोबर आहे.

मामा: हे मी भिंतीवर लावू देणार नाही.

भाची: अहो, मुलांसाठी आहे.

मामा: मुलांसाठी आहे म्हणूनच. भट्टीत उघडी ज्वाळा असते. कुठे काय ठेवायचं याचे नियम आहेत. भारतात मी काम शिकलो तेव्हा ओआयएसडी ११८ उशाशी असायचं, त्यात कशापासून काय किती मीटर लांब याचे तक्तेच आहेत. २३ मार्च २००५ला अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोट झाला. १५ माणसं गेली. सगळी तात्पुरत्या ट्रेलर ऑफिसात किंवा त्यांच्या आसपास होती. दुरुस्तीच्या कामासाठी आलेल्या लोकांना बसायला ते ट्रेलर आणून ठेवले होते. ज्या ब्लोडाउन ड्रममधून द्रव उसळून बाहेर आला, त्याच्यापासून सगळ्यात जवळचा ट्रेलर साधारण १२० फुटांवर होता. रिकामी जागा होती, रस्त्याजवळ होती, सोयीची होती.

भाची: कागदावर बघितलं तर छान मोकळी जागा दिसली असेल.

मामा: रिकामी जागा रिकामी का ठेवलीय, हे ती जागा सांगत नाही. तुझ्या डोळ्याला तिथे तोल हवा होता, मला तिथे अंतर दिसतं. आणि दुसरं, ट्रेलर तात्पुरता म्हणून त्याला कायमच्या इमारतीची मोजपट्टी कुणी लावली नव्हती. तात्पुरतीही वस्तूच असते. तीही धरली गेली पाहिजे.

तिनं ऑफिस उचललं आणि भट्टीपासून, टाक्यांपासून लांब, प्रवेशाच्या रस्त्याजवळ ठेवलं. चित्राचा तोल गेला. मग तोल सांभाळायला तिनं टाक्यांच्या भोवतीचे बांध जास्त गडद केले. टाकी फुटली तर तेल पसरू नये म्हणून ते असतातच, त्यामुळे खोटं काही घालावं लागलं नाही. मला हा त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला क्षण वाटला. नियमानं वस्तूची जागा ठरवली आणि उरलेलं काम डोळ्यानं केलं, नियमाशी भांडण न करता.

मामा: आता गुहा.

भाची: कुठल्या गुहा?

मामा: जुरोंग रॉक कॅव्हर्न्स. २०१४ साली सुरू झाल्या. बन्यान भागाच्या समुद्राखाली, १३० मीटर खोल खडकात पाच गुहा, द्रव हायड्रोकार्बन साठवायला. पहिल्या टप्प्यात १४ लाख ७० हजार घनमीटर. वर जमीन उरली नाही म्हणून खाली गेले.

भाची: मग सगळ्यात मागे टाकते. सेंड टु बॅक.

मामा: मागे टाकल्यास दिसणार नाहीत. समुद्राचा निळा रंग वरून बसेल.

भाची: पण त्या खरंच खाली आहेत ना.

मामा: खाली आहेत म्हणून मागे टाकायच्या, हे तुझ्या प्रोग्रॅमचं खाली. आमच्या ड्रॉइंगमध्ये जमिनीखालची वस्तू वर काढतात, पण तुटक रेषेत. बघणाऱ्याला कळतं, आहे पण पृष्ठभागावर नाही. क्रम हा बघणाऱ्याला काय सांगायचंय त्यासाठी असतो. खणणारा माणूस नकाशा बघून खणतो. त्याला न दिसलेली लाइन म्हणजे नसलेली लाइन.

भाची: ठीक. तुटक रेषा, आत फिकट जाळी, समुद्राच्या वर. आणि जुनी बेटं? त्यांच्यावर नवी जमीन, की नव्या जमिनीवर ती?

मामा: जुनी वर. भराव पसरला तो त्यांच्या भोवती. १९९५ला काम सुरू झालं, सप्टेंबर २००९मध्ये पुरं झालं, ठरल्यापेक्षा वीस वर्षं आधी. आधीची सगळी बेटं मिळून दहा चौरस किलोमीटरसुद्धा नव्हती, आता हे एक बेट तीस चौरस किलोमीटरहून मोठं आहे. म्हणजे आपण ज्याला बेट म्हणतो त्याचा निम्म्याहून खूप जास्त भाग पूर्वी पाणी होता.

भाची: मग आजचा किनारा दाखवायला मी सगळे आकार वेल्ड करते. एकच अखंड कड. ग्रुप ठेवला तर आतल्या सगळ्या कडा दिसत राहतील आणि चित्र गोधडीसारखं होईल.

मामा: वेल्ड केल्यावर आतली बेटं परत मिळतील?

भाची: नाही. ग्रुप सोडता येतो, वेल्ड सोडता येत नाही. फाइल बंद केली की संपलं.

मामा: मग करू नकोस.

भाची: मामा, प्रत्यक्षात तरी कुठे सोडता येतंय? वाळू भरली, वर प्लँट उभे राहिले, १९९९ला मुख्य बेटाशी रस्त्यानं जोडलं. खरं जे झालं ते वेल्डच झालं. चित्रात ग्रुप दाखवणं म्हणजे खोटं.

मामा: मुंबईत काय झालं? तिथेही सात बेटं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. १७८४मध्ये हॉर्नबी वेलार्ड पुरा झाला, वरळीची खिंड बुजली. १८४५पर्यंत सातही बेटं जोडली गेली. तेव्हापासून जमीन एक. पण पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं बघ. जिथे पूर्वी खाजण आणि खाडी होती, त्या सखल भागांत तुंबतं. ज्याच्या नकाशात जुन्या कडा आहेत त्याला ते आधी कळतं. इथेही भरावाची जमीन आणि मूळ बेटाची जमीन सारखी नसते. पाया घालताना आधी विचारतात, खाली काय आहे. मला कामात त्या कडा लागतात.

भाची: तुम्हाला लागतात. मुलांना?

मामा: या बेटांवर मासेमारांची घरं होती. ती माणसं मुख्य बेटावर हलवली. आता तिथे साक्रा अॅव्हेन्यू आहे, आयर मर्बाऊ रोड आहे, सेराया अॅव्हेन्यू आहे. मुलांनी नाव वाचलं आणि विचारलं की हे रस्त्याला कुणाचं नाव दिलंय, तर बोट ठेवायला नकाशात ते बेट नको?

भाची थोडा वेळ आकार पुढे मागे करत राहिली. मग तिनं जे केलं त्यात कुणीच हरलं नाही, कारण दोघांच्या म्हणण्यात दोन वेगळी सत्यं होती. सगळ्या आकारांची प्रत काढून ती वेल्ड केली आणि तळाच्या लेयरवर ठेवली: आजचा अखंड किनारा, फिका. त्यावर जुनी बेटं सुटी, गडद, आपापल्या लेबलासकट ग्रुप करून. ग्रुप केल्यामुळे लेबलं बेटांच्या लेयरवर गेली. ती तिनं जाऊ दिली.

मामा: आता तूच ग्रुप केलेस.

भाची: केले, कारण ही फाइल उद्या दुसरं कुणी उघडणार. माझा डोळा तिच्याबरोबर जाणार नाही. छापणाऱ्याला कर्व्ह केलेली प्रत देते, त्यातला मजकूर बदलता येणार नाही, बदलूही नये. पण मूळ फाइलमध्ये मजकूर मजकूरच ठेवते. लेयरना नावं देते, मराठीत: आजचा किनारा, जुनी बेटं, गुहा, सूची.

मामा: आणि भरावावरच्या भागांची नावं राहिली. बन्यान, टेंबुसू. ती जुन्या बेटांची नाहीत, नव्या जमिनीची आहेत. झाडांची नावं दिलीत त्यांना.

भाची: मग ती बेटांच्या ग्रुपमध्ये घालत नाही. अक्षर तिरपं करते, आणि लेयर वेगळा, नवी नावं. म्हणजे जुनी बेटं बंद करून नुसती नवी नावं दाखवता येतील, आणि उलटंही. सांगा, टेंबुसू कुठल्या बाजूला?